फॉरमॅट करण्याआधी थोडं थांबा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



मी भोर तालुक्यातल्या भोंगवलीहून बोलतेय. आमच्या बचत गटाची मी सचिव आहे. शिक्षण बारावीपर्यंत. मग लग्न झालं, आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर मी एमएससीआयटी केलं. म्हणजे मी काही कॉम्प्युटरची मोठी जाणकार नाही. पण आमच्या गटात गणपतीच्या दिवसांत जे झालं, त्यातून मी एक गोष्ट शिकले. ती तुमच्या गटाच्या उपयोगी पडेल, म्हणून आज बोलायला आले. कॉम्प्युटर सुरू होत नसेल, तर तो पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो आणि आतला हिशोब बाहेर काढता येतो. ते कसं करायचं, हे सांगणार आहे. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा.

आधी काय झालं ते सांगते.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. दर महिन्याला दोनशे रुपये बचत. गटाला कॉम्प्युटर हवा असं ठरलं, तेव्हा एकीच्या दिरानं शिरवळच्या एका कंपनीतून निघालेला जुना कॉम्प्युटर सहा हजारांत मिळवून दिला. तो माझ्या घरी ठेवला. दोन वर्षं बैठकीत मी कच्च्या वहीत टिपून घ्यायची आणि घरी येऊन पक्का हिशोब कॉम्प्युटरमध्ये भरायची. कच्ची वही संपली की तिची पाठकोरी पानं पोरांच्या गणिताला. पक्कं रजिस्टर लिहायचं मी बंदच केलं होतं. इथं माझी चूक झाली. ती आधीच कबूल करते.

श्रावण संपता संपता दोन दिवस पाऊस लागून होता. लाईट यायची, जायची. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला, तर निळा पडदा आला. इंग्रजीत लिहिलेलं, रिपेअर चालू आहे म्हणून. गोल गोल फिरायचं, बंद व्हायचं, परत सुरू व्हायचं, परत तेच. दिवसभर असंच.

एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. सातशे रुपये.” मी विचारलं, आमचा हिशोब? तर म्हणाला, “डेटाची गॅरंटी नाही.”

मी कॉम्प्युटर तसाच घेऊन परत आले. पण गटात वेगळंच सुरू झालं. आमच्यातल्या एका वहिनींचे मालक मागच्या वर्षी वारले. त्यांनी शेळ्यांसाठी गटाकडून तीस हजार घेतले होते. महिन्याला दोन हजारांचा हप्ता. त्या म्हणाल्या, माझे नऊ हप्ते झालेत. दुसरी एक जण म्हणाली, सात झाले असतील. वहिनींच्या पासबुकात नोंद करायची माझ्याकडून राहिली होती. कच्ची वही गेलेली. कॉम्प्युटर बंद. दोन हप्त्यांचे चार हजार रुपये, पण बोलणं चार हजारांपुरतं राहत नाही. त्या वहिनी पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत. “मी खोटं बोलते असं वाटत असेल तर मला गटच नको,” असा निरोप धाडला. त्यात बँकेचं कर्ज वाढवून घ्यायचं होतं, आणि बँकेला मागचा हिशोब हवा होता. मला चार रात्री झोप नाही.

मग माझ्या भाचीला फोन केला. ती पुण्यात डिप्लोमा करते. ती एकच वाक्य बोलली, “मावशी, कुणालाही फॉरमॅट करू देऊ नकोस. विंडोज बिघडलंय. तुझ्या फायली बहुतेक जागेवरच असतील.”

मैत्रिणींनो, आपल्या मनात कॉम्प्युटर म्हणजे एकच वस्तू असते. ती बंद पडली म्हणजे सगळं गेलं. पण आत वेगवेगळ्या गोष्टी असतात. मला कळलं ते अंगणवाडीच्या उदाहरणानं सांगते.

सकाळी अंगणवाडीत आधी मदतनीस येते. कुलूप काढते, झाडून घेते, सगळं जागेवर आहे ना बघते. मग सेविकेला बोलावते. सेविका आली की अंगणवाडी खऱ्या अर्थानं सुरू होते. आणि आत एक कपाट असतं, त्यात रजिस्टरं असतात.

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पहिल्यांदा जागा होतो एक छोटासा प्रोग्रॅम. तो आतल्या मुख्य पट्टीवरच्या एका चिपमध्ये कायमचा बसलेला असतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. तो झाला मदतनीस. तो मेमरी बघतो, कीबोर्ड बघतो आणि मग मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारतो. तो मोठा प्रोग्रॅम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. ती झाली सेविका. आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. आपल्या फायली, फोटो, हिशोब सगळं त्यात.

आता सेविका आजारी पडली, तर कपाटातली रजिस्टरं जातात का? नाही जात. शेजारच्या गावची सेविका एक दिवस बोलवायची, कपाट उघडायचं, रजिस्टरं काढून घ्यायची. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करणं म्हणजे एवढंच. पेनड्राइव्हमध्ये दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम भरून आणायची आणि मदतनिसाला सांगायचं, आज पहिल्या घरी जाऊ नकोस, या पाहुणीला बोलाव. आणि फॉरमॅट करणं म्हणजे सेविका आजारी म्हणून कपाटच रिकामं करायचं. पुढं कधीतरी ते करावंही लागेल, पण रजिस्टरं बाहेर काढल्यावर.

ही पाहुणी सेविका कुठून आणायची? तिचं नाव लिनक्स. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांना मोफत वापरायला दिला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आज तिचे वेगवेगळे प्रकार मिळतात. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही त्यांची नावं. आपल्या सरकारच्या सी-डॅक या संस्थेनं २००७ साली बॉस नावाचा प्रकार आणला, त्यात मराठीही आहे. या सी-डॅकचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. हे सगळे प्रकार मोफत आहेत आणि मोफत घेणं कायदेशीर आहे.

आणि ज्या खाचेत आपण पेनड्राइव्ह घालतो, ती यूएसबी १९९६ साली आली. इंटेल कंपनीत ज्या पथकानं ती घडवली, त्यात अजय भट्ट होते. ते बडोद्यात शिकलेले. त्याआधी प्रिंटरची खाच वेगळी, माऊसची वेगळी, कीबोर्डची वेगळी असायची.

आता करायचं कसं ते ऐका. मी सुरुवातीला चुकले, म्हणून चुकांसकट सांगते.

पहिली गोष्ट, पेनड्राइव्ह तयार करणं. त्यासाठी दुसरा एक चालू कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप लागतो. पेनड्राइव्ह आठ जीबीचा किंवा त्याहून मोठा घ्या. त्यात आधीचं काही असेल तर ते सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका.

मग लिनक्सची फाइल उतरवून घ्यायची. भाचीनं लिनक्स मिंट घ्यायला सांगितलं होतं. ती फाइल सुमारे तीन जीबीची असते, मोबाईलचा एका दिवसाचा डेटा पुरत नाही. चांगलं नेट असेल तिथं बसून उतरवा, आणि त्या लिनक्सच्या स्वतःच्या, अधिकृत वेबसाइटवरूनच उतरवा. भलत्या ठिकाणाहून घेतलेल्या फायलीत काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही. या फायलीला आयएसओ फाइल म्हणतात.

इथं मी पहिली चूक केली. भाची गौरीला येणार होती, पण मला दम निघेना. ओळखीच्या एका मुलीच्या लॅपटॉपवर फाइल उतरवली आणि पेनड्राइव्हमध्ये गाणं कॉपी करावं तशी कॉपी केली. घरी येऊन लावली, काही झालं नाही. परत तोच निळा पडदा. भाचीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “मावशी, तू पीठ डब्यात भरून ठेवलंस, भाकरी थापलीच नाहीस.” ती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर उलगडून बसवावी लागते. त्यासाठी रूफस नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, तो विंडोजवर चालतो. रूफस उघडायचा. वर आपला पेनड्राइव्ह निवडायचा. खाली आयएसओ फाइल निवडायची. तो एमबीआर की जीपीटी असं विचारतो. जुना कॉम्प्युटर असेल तर एमबीआर ठेवा. स्टार्ट दाबा. पुसलं जाईल अशी सूचना येईल, पेनड्राइव्ह बरोबर निवडलाय ना हे पुन्हा बघून हो म्हणा. पाच-दहा मिनिटांत, पेनड्राइव्ह जुना असेल तर थोड्या जास्त वेळात, काम होतं.

गौरी आल्या त्या संध्याकाळी भाची आली. गौरीची आरास झाल्यावर, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी कॉम्प्युटरपाशी बसलो. माउस माझ्या हातात दिला. म्हणाली, “मी करणार नाही. मी सांगते, तू कर.”

दुसरी गोष्ट, मदतनिसाला सांगणं. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह थेट कॉम्प्युटरच्या खाचेत घाला. मोठा कॉम्प्युटर असेल तर मागच्या बाजूच्या खाचेत घातलेला बरा. मग बटण दाबा, आणि लगेच, कंपनीचं नाव पडद्यावर दिसायच्या आत, एक ठरावीक कळ टक टक टक दाबत राहा. दाबून धरायची नाही, दाबत राहायची. कुठली कळ, ते कंपनीप्रमाणं बदलतं. लिहून घ्या. डेल आणि लेनोवोला बहुतेक वेळा एफ १२. एचपीला आधी एस्केप आणि मग एफ ९. आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ १२, पण काही एसरमध्ये ती कळ आधी बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. बऱ्याच कॉम्प्युटरवर सुरू होताना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बूट मेनू असं लिहून येतं, त्याच्या शेजारी कळीचं नाव असतं.

माझी वेळ दोनदा चुकली. निळा पडदा आला की बंद करायचं आणि परत सुरुवात. तिसऱ्यांदा जमलं. काळ्या पडद्यावर एक छोटी यादी आली. त्यात एक हार्ड डिस्क, आणि खाली पेनड्राइव्हच्या कंपनीचं नाव. बाणाच्या कळीनं त्या नावावर गेले आणि एंटर दाबला. ही निवड फक्त त्या एका वेळेपुरती असते. पेनड्राइव्ह काढला की कॉम्प्युटर पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या मार्गानं जातो. तुमच्या यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं आणि एकाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असलं, तर कॉम्प्युटर नवा असेल तेव्हा ते निवडा.

मग स्टार्ट लिनक्स मिंट असा पर्याय आला. तो निवडला. दोन मिनिटं लागली. आणि पडदा उजळला. माझाच कॉम्प्युटर, पण घर कुणी दुसऱ्यानं लावल्यासारखं. खाली पट्टी, डाव्या हाताला मेनू. माउस चालत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आता तिसरी आणि सगळ्यात जपून करायची गोष्ट. पडद्यावर इन्स्टॉल लिहिलेलं एक चित्र दिसतं. त्याला हात लावायचा नाही. ते दाबून पुढं पुढं होय म्हणत गेलं, तर लिनक्स हार्ड डिस्कवर बसायला लागतं आणि कपाट रिकामं होऊ शकतं. आपल्याला पाहुणीला घरात कायमची ठेवायची नाही, फक्त कपाट उघडून घ्यायचं आहे. जोवर आपण इन्स्टॉल करत नाही, तोवर लिनक्स पेनड्राइव्हवरून आणि मेमरीमधून चालतं.

फायलींचं कपाट उघडलं की डाव्या बाजूला आपली हार्ड डिस्क दिसते. त्यात यूजर्स नावाचा फोल्डर. त्यात आपलं नाव. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स. मी आत गेले, आणि गटाचा फोल्डर जसाच्या तसा तिथं होता. दोन वर्षांच्या सगळ्या फायली. महिन्यामहिन्याच्या.

फाइल उघडली आणि माझ्या काळजात धस्स झालं. आकडे नीट होते, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चुरमुरा. मला वाटलं, गेलं सगळं. भाचीनं विचारलं, “टायपिंग कशात केलंस?” मी म्हटलं, श्रीलिपीत. मी तेच शिकलेय. मग तिनं समजावलं. श्रीलिपी, कृतिदेव असे जे जुने फॉण्ट आहेत, ते इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवतात. ज्या कॉम्प्युटरमध्ये तो फॉण्ट नाही, तिथं खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फाइल शाबूत असते. तो फॉण्ट असलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठी दिसतं. युनिकोडमध्ये टाइप केलं, तर हा घोळ होत नाही, कारण त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा जगभर एकच असा क्रमांक असतो. आपण मोबाईलवर मराठी लिहितो ते युनिकोडच.

पण आमच्या यादीचा क्रम मला पाठ होता. चौथी ओळ त्या वहिनींची. मी बोट ठेवून मोजले. दोन हजार, दोन हजार, दोन हजार. नऊ वेळा. अठरा हजार.

रात्रीचे अकरा वाजले होते. मी भाचीला तिथंच बसवलं आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

मग सगळा फोल्डर दुसऱ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर कॉपी केला. कॉपी करायचा, कट करायचा नाही, म्हणजे मूळ जागेवर राहतो. कॉपी झाल्यावर दोन-तीन फायली त्या पेनड्राइव्हवरून उघडून बघितल्या. मग पेनड्राइव्ह इजेक्ट करून काढला आणि कॉम्प्युटर मेनूतून बंद केला. मग भाची म्हणाली, “आता काय करायचं ते कर. आता फॉरमॅट केलं तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी गौरी जेवणाला मी त्या वहिनींच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं. पासबुक भरलं. ज्या बाईनं सात म्हटलं होतं, तिला कुणी काही बोललं नाही. तिनंच वहिनींच्या पानावर पुरणपोळी वाढली.

मैत्रिणींनो, यात काही धोके आहेत, तेही सांगायला हवेत.

एक. कॉम्प्युटरमधून टक टक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर हार्ड डिस्कच खराब झालेली असू शकते. म्हणजे कपाटालाच वाळवी लागली आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकतं. बंद ठेवा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडं न्या. डिस्क उघडत नाही असा निरोप लिनक्सनं दिला, तरी जबरदस्ती करू नका, विचारून पुढं जा.

दोन. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा आतल्या फायलींना बिटलॉकर नावाचं कुलूप असतं. ते असलं तर पाहुणीला कपाट उघडत नाही. त्याची अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली असते, ती लॅपटॉप ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला त्या खात्यात बहुधा साठवलेली असते. लॅपटॉप चांगला चालू असतानाच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा. आणि सिक्युअर बूट नावाचं सेटिंग कुणाच्या सांगण्यावरून लगेच बंद करू नका. उबुंटू, मिंट, फेडोरा बहुतेक वेळा ते चालू असतानाही सुरू होतात, आणि ते बदललं तर बिटलॉकर किल्ली मागू शकतं.

तीन. ही गोष्ट नीट ऐका. मी माझ्या फायली उघडल्या, तेव्हा विंडोजचा पासवर्ड मला एकदाही विचारला गेला नाही. म्हणजे आपण पासवर्ड ठेवला म्हणून निर्धास्त असतो, पण बिटलॉकरसारखं कुलूप नसेल, तर कुणीही पेनड्राइव्ह लावून आपले हिशोब, आधारच्या प्रती, घरचे फोटो बघू शकतं आणि कॉपी करून नेऊ शकतं. तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाकडं द्या. जमलं तर समोर बसून करून घ्या. खासगी गोष्टी आधी काढून घ्या. कशा काढायच्या, ते आता तुम्हाला माहीत आहे.

अजून एक उपयोग सांगते. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ साठी किमान चार जीबी मेमरी, चौसष्ट जीबी जागा आणि टीपीएम नावाची सुरक्षेची नवी सोय लागते. गावोगावी शाळांत, ग्रामसंघात, गटांकडं असलेले बरेच जुने कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. लोक म्हणतात भंगारात घाला. त्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स लावून बघा. आठ दिवस बघा. हिशोबाचा प्रोग्रॅम त्यात आधीच असतो, लिब्रेऑफिस नावाचा, तो एक्सेलच्या फायली उघडतो. फक्त तुमचा प्रिंटर चालतो का, अंगठ्याचं यंत्र चालतं का, तुम्हाला लागणारी सरकारी वेबसाइट उघडते का, हे सगळं पेनड्राइव्हवर असतानाच तपासा. चाललं तर मग कायमचं बसवायचं ठरवा. नाही चाललं तर पेनड्राइव्ह काढला की झालं. पेनड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं हळू असतं आणि बंद केल्यावर आपण केलेले बदल राहत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. म्हणून काम दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवायचं.

हे खेड्यात चालेल का, असं कुणी म्हणेल. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात खैरात नावाच्या छोट्या वस्तीवरच्या शाळेत २००७ साली मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले होते. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, अशी ती जगभरची योजना होती. त्या लॅपटॉपमध्ये लिनक्सच होतं. त्यातला मुलांसाठीचा भाग पुढं २००९ मध्ये पेनड्राइव्हवरही मिळायला लागला, म्हणजे ज्याच्याकडं तो लॅपटॉप नाही, त्यानं कुठल्याही कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून तेच वापरावं. लहान मुलांना जमलं, तर दहा माणसांच्या घरचा स्वयंपाक वेळेत करणाऱ्या आपल्याला का जमू नये? ज्यांना मराठीतून पाहून शिकायचं आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. त्यात लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत.

शेवटी, आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते. आवडलं तर तुम्हीही पुढच्या बैठकीत विषय घ्या.

आम्ही पक्कं रजिस्टर पुन्हा सुरू केलं. नियमित हिशोब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे, ते कॉम्प्युटर आला म्हणून सुटत नाही. पासबुकं बैठकीतच, बाईच्या समोर भरतो. दर बैठकीनंतर हिशोबाची फाइल एका वेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी होते आणि तो पेनड्राइव्ह माझ्या घरी राहत नाही, अध्यक्षांच्या घरी राहतो. नवं टायपिंग मी युनिकोडमध्ये करते, हात अजून अडखळतो, पण करते. आणि एक लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून, त्याला लाल दोरा बांधून कपाटात ठेवलाय. त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, आमच्या कॉम्प्युटरची कळ एफ १२. मी घरी नसले तरी दुसरीला करता यावं म्हणून दोघी-तिघींना समोर बसवून एकेकदा करायला लावलं. आमच्या त्या वहिनींना पहिल्याच वेळी जमलं. मला तीनदा लागलं होतं.

उद्या तुमच्या गटाचा, शाळेचा, मुलीच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि कुणी म्हणालं फॉरमॅट करावं लागेल, तर घाबरू नका आणि लगेच हो म्हणू नका. आधी विचारा, आतल्या फायली काढल्या का? नसतील काढल्या, तर कॉम्प्युटर घरी आणा.